सुंठीची नाळ

मुदाला झाडांचं प्रेम वगैरे काही नव्हतं. खालच्या थाई शहरातून कॅमेरे घेऊन पोरंपोरी यायची, आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला नाळेचं रान आहे त्यात हिंडायची आणि उतरताना म्हणायची, "तुम्ही लोक झाडांवर किती प्रेम करता!" मुदा तोंडातली चिलीम बाजूला काढून म्हणायची, "प्रेम कसलं? व्याही आहेत ते आमचे."

पोरं हसायची. मुदा विनोद करत नव्हती. आमच्यात मूल झालं, त्याची नाळ सुकून गळली की बाप ती बांबूच्या नळीत घालतो, रानात जाऊन एक चांगलं झाड शोधतो आणि नळी त्याच्या बुंध्याला बांधतो. त्या दिवसापासून मुलाचा एक जीव त्या झाडापाशी राहायला जातो. त्या झाडाची फांदीही कुणी तोडत नाही. तोडली तर जीव बिथरतो, मूल आजारी पडतं, आणि तोडणाऱ्याला कोंबडी द्यावी लागते.

"पोर दिलंय त्यांच्या घरी," मुदा सांगायची. "मग व्याह्यांशी वागतो तसं वागावं. उठसूट गळ्यात पडायचं नाही. पण दारावरून जाताना नीट जायचं, तिथं थुंकायचं नाही, बैल बांधायचा नाही. आणि आपल्याकडून काही चुकलं तर परत तोंड दाखवायची सोय राहत नाही, हे ध्यानात ठेवायचं."

एकदा जंगलखात्याचा साहेब येऊन सांगून गेला की माणूस रानाचा शत्रू आहे, माणसानं रानाबाहेर राहावं. पुढच्याच महिन्यात कुठल्याशा संस्थेची एक बाई आली. ती म्हणाली, रान आपली आई आहे. बाई उतारावरून दिसेनाशी झाल्यावर मुदा माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आई म्हटलं की पोरं लाडावतात. आई काय, माफ करते. विहीण करत नाही."

तिचं घर माझ्या घराच्या वर, मधे फक्त भोपळ्याचा वेल. त्यामुळे तिचं बोलणं मला आयुष्यभर ऐकावं लागलं, आणि ते बहुतेक ओरडणंच असायचं. नवरा लवकर गेला. तीन मुली तिनं एकटीनं वाढवल्या. थोरल्या दोघींनी आपापली घरं थाटली, धाकटी नोले रीतीप्रमाणे आईपाशी राहिली आणि तिचा नवरा सुवा पलीकडच्या डोंगरावरून इथं नांदायला आला. मुदानं त्याला पहिल्याच वर्षी ऐकवलं होतं, "आमच्या रानात शिट्टी वाजवत फिरू नकोस. ते तुमच्या गावाकडं चालत असेल." कुणाच्या म्हशीनं एखाद्या पोराच्या झाडाला अंग घासलं, तरी मुदा म्हशीच्या मालकाच्या दारात उभी राहायची. लोक तिला वैतागत आणि मानत. नाळेच्या रानाचा सगळा धाक तिच्या जिभेवर होता.

आणि त्याच रानाला तिनं फसवलं होतं.

झालं ते असं. नोलेचं बाळंतपण अडलं. पिकअपमधून तिला खोऱ्यातल्या इस्पितळात नेलं, पोट फाडून मुलगी काढली. पोर अशक्त, म्हणून ठेवून घेतली. मुदा नोलेच्या खाटेखाली चटई टाकून राहिली. तिला थाई भाषा धड येत नव्हती. नर्स बोलायची ते तिला कळायचं नाही, पण हातानं दाखवलेलं कळायचं. तिथं तिनं कागदी लंगोट बांधायला शिकून घेतलं. घाण झालेला कसा सोडायचा, कसा आतल्या आत घट्ट गुंडाळायचा, चिकटपट्टी कशी लावायची आणि झाकणाच्या डब्यात कसा टाकायचा. नर्सनं एकदा अंगठा वर करून दाखवला होता. मुदानं ते मला पुढे किती तरी वेळा सांगितलं होतं, ही गोष्ट उघडी पडेपर्यंत.

परत येताना गाडी पेट्रोल पंपावर थांबली. सुवा सगळ्यांसाठी चहा आणायला गेला. मुदा पोरीला घेऊन मोरीकडे गेली, लंगोट बदलला, जुना घट्ट गुंडाळला आणि झाकणाच्या डब्यात टाकला.

घरी आल्यावर कोमट पाण्यानं पोरीचं अंग पुसताना तिला दिसलं की बेंबी कोरी आहे. सकाळी इस्पितळात नाळ एका धाग्यावर लोंबत होती, तिनं स्वतः पाहिली होती. तिनं दुपटं झाडलं. पोरीच्या मांड्यांच्या वळ्या बघितल्या. स्वतःचा झगा उलटा करून झटकला. मग तिला तो घट्ट गुंडाळलेला कागद आठवला आणि ती चुलीपुढे बसूनच राहिली.

बाहेर सुवा बांबू तासत होता. पहिलं मूल त्याचं. नळी त्यानं इस्पितळात जायच्या आधीच कापून ठेवली होती, आता तिच्यावर बारीक रेघा कोरत होता.

"आई, गळली का?" त्यानं विचारलं.

"नाही अजून."

दुसऱ्या दिवशी परत, "आई, गळली का?"

नोले आत झोपलेली. मुदाच्या डोक्यावर चुलीवरची शिंकाळी, त्यात लसूण, मिरच्या, धुरानं काळं पडलेलं सुकं आलं. सुकलेली नाळ आणि सुकलेलं आलं शेजारी ठेवलं तर सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. मुदानं एक तुकडा काढला, मोठा वाटला म्हणून टोक दातानं तोडलं, उरलेला चिंधीत गुंडाळला.

"गळली," ती म्हणाली.

सुवा पहाटे निघाला. शेंडा मोडलेलं झाड चालत नाही, ढोली असलेलं चालत नाही, फळ न धरणारं चालत नाही. तो सगळं रान पालथं घालून शेवटी वरच्या घरांकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेच्या जांभळीपाशी थांबला. सरळ, भरगच्च, पाखरांनी गजबजलेलं झाड. तिथं त्यानं नळी बांधली. नळी बांधतात त्या दिवशी वाडीतलं कुणी कामाला जात नाही. ऐन लावणीचे दिवस होते, तरी सगळे हात बांधून घरी बसलो. मुदा दाराशी बसून होती, येणाऱ्याजाणाऱ्याला तांदळाची दारू देत होती. सुवा घामेजलेला, हसत परत आला आणि म्हणाला, "आई, असं झाड निवडलंय की तुम्हीही नाव ठेवणार नाही." तिनं खरंच नाव ठेवलं नाही. आम्हाला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

पोरीचं नाव वापॉ. वर्षाची असताना तिला ताप आला, उतरेना. जीव बोलवायला मुदा भात, उकडलेलं अंडं आणि पांढरा दोरा घेऊन जांभळीपाशी गेली. सोबत मी होते. "ये गं ये, वापॉच्या जिवा, घरी ये," अशी झाडाकडे तोंड करून तिनं खणखणीत हाक मारली. मग पाठ फिरवून, खाली खोऱ्यातल्या रस्त्याकडे बघत, ओठांतल्या ओठांत तीच हाक पुन्हा मारली.

मी विचारलं, "तिकडं कुणाला बोलावतेस?"

"वाट चुकला असला तर," ती म्हणाली.

ताप उतरला. त्यानंतर मुदा आधीपेक्षा जास्त ओरडू लागली.

वापॉ आठेक वर्षांची झाली तेव्हा आमच्याकडे विजेची तार आली. खालच्या घरांत दिवे लागले. वर चढावर तीन घरं आहेत, त्यांच्या सौर पट्ट्या केव्हाच मेलेल्या. तार तिथं न्यायची तर पायवाटेनंच न्यावी लागणार, आणि पायवाटेवर जांभळीच्या दोन जाड फांद्या आडव्या. तार ओढणारा थाई पोरगा मोठा गोड होता. "मावशी, दोनच फांद्या. झाडाला काही होत नाही," असं तो प्रत्येकाला सांगत फिरला. दुसरीकडून न्यायची तर दरी. दरीतून न्यायला वरून मंजुरी नव्हती.

सुवा म्हणाला, "माझ्या पोरीच्या झाडाला मी हात लावू देणार नाही."

विषय संपला. वरच्या घरांनीही तोंड वाकडं केलं नाही. नाळेच्या झाडाशी कोण भांडणार? पोरगा तारेचं भेंडोळं गाडीत टाकून गेला आणि सांगून गेला की महिन्याभरात काही ठरलं तर बघू, नाही तर ही तीन घरं राहिली. सगळे मुदाकडे बघत होते, ती आता काहीतरी ठणकावून बोलेल म्हणून. ती काथ्याची दोरी वळत होती. वळलेली उलगडत होती, परत वळत होती.

वरच्या घरांतल्या एकात नोबी राहते, तिच्या म्हाताऱ्या आईसोबत. पंधरवड्याच्या आत ती म्हातारी तिन्हीसांजेला शिडीच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. मुदा भोपळ्याची कोवळी पानं घेऊन बघायला गेली. मीही गेले. म्हातारी भिंतीकडे तोंड करून कण्हत होती. नोबी तिचे पाय दाबत होती.

"पायरी दिसली नाही तिला," नोबी म्हणाली. मग तिला वाटलं असावं की मुदाला हे टोमण्यासारखं लागेल, म्हणून घाईनं म्हणाली, "तुमच्यावर राग नाही हं, काकू. पोरीच्या जिवापेक्षा काय उजेड मोठा आहे? आमच्या आईचं वयच झालंय."

मुदानं पानं खाली ठेवली. उठली. चिलीमही तिथंच विसरली. मी मागोमाग निघाले तर ती इतक्या झपाट्यानं उतरत होती की मला गाठता येईना.

सुवा अंगणात लाकडं फोडत होता. वापॉ ढलप्या वेचत होती. मुदा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"नळीत नाळ नव्हती."

"कुठल्या नळीत?"

"तुझ्या. सुंठ होती."

त्यानं कुऱ्हाड खाली टेकवली. त्याला वाटलं सासू काहीतरी कोड्यात बोलते आहे. तो थोडा हसलासुद्धा. मग तिनं सगळं सांगितलं. पंप, लंगोट, डबा, शिंकाळं. दातानं टोक तोडलं, तेही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती. सुवाचं हसू कुठल्या शब्दाला गेलं ते मला नीट दिसलं. दातानं तोडलं, त्या शब्दाला.

नोले दारात आली होती. "आई, तू काय बोलतेस हे?"

"मी सुंठीपुढे वाकत आलोय," सुवा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आठ वर्षं. जाता येता. माझ्या गावाहून माझा बाप आला होता, त्यालाही वाकायला लावलं मी."

"सांगायला हवं होतं," मुदा म्हणाली.

"मग का नाही सांगितलं?"

"तू नळी कोरत बसला होतास." ती म्हणाली. "आणि मी मुदा. वाडीला ओरडणारी. मीच टाकली म्हणून कसं सांगू?"

वापॉनं ढलप्या ओच्यात धरल्या होत्या. तिनं विचारलं, "मग माझी नाळ कुठंय?"

उत्तर मुदालाच द्यावं लागलं. "पेट्रोल पंपावर."

पोरीनं ढलप्या सावरल्या. "मग तिथं माझा जीव काय खातो?"

मुदानं झग्याचं टोक तोंडावर धरलं. रडताना मी तिला नवऱ्याच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

सुवानं तिचा हात धरला नाही, पण "चला" म्हणाला आणि पुढे चालू लागला, पाती केलूंच्या घराकडे. पाती म्हणजे आमच्याकडे वडीलधारा माणूस, आणि केलू वाडीचे विधी सांभाळतात. ते टोपली विणत बसले होते. आम्ही पोचेपर्यंत मागे दहा-पंधरा माणसं जमली, वाडीत बातमीला पाय लागत नाहीत. मुदाला सगळं पुन्हा सांगावं लागलं. पाती जरा कमी ऐकतात, म्हणून मोठ्यानं. "काय होतं नळीत?" "सुंठ." "काय?" "सुंठ, पाती! सुंठ!" मागून कुणीतरी फिस्स केलं आणि मग सगळेच हसले. ज्यांच्या म्हशींवरून, शिट्ट्यांवरून, पिचकाऱ्यांवरून मुदानं त्यांची सालं काढली होती, ते सगळे. मीही हसले. माझ्या डुकराला तिनं एकदा दगड मारला होता.

पातींनी नळी आणायला सांगितली. सुवा म्हणाला, "नळी कुठली? दुसऱ्याच पावसात कुजून पडली. वेलाचा वळ तेवढा खोडात रुतलाय."

म्हणजे हे कधीच कुणाला कळलं नसतं. हसणारे एकमेकांकडे बघायला लागले. मुदा मान खाली घालून उभी होती.

पातींनी टोपलीचा आणखी एक फेर विणला. मग म्हणाले, "फांद्या तोडू द्या. नळीत नाळ नव्हती. वरच्या घरांना अंधारात ठेवायचा आपल्याला हक्क पोचत नाही."

"म्हणजे झाड पोरीचं नाही," सुवा म्हणाला.

"असं मी कुठं म्हटलं? कोंबडी द्यायची. पोराच्या झाडाला जखम केली की देतात तीच. मुदानं द्यायची."

मागून एक जण ओरडला, "पाती, एक काय ते ठरवा! झाड पोरीचं असलं तर फांदी तोडायची नाही. नसलं तर कोंबडी कशाला?"

"तुझ्या लग्नात विधीला कापलेलं डुक्कर किडकं निघालं होतं," पाती म्हणाले. "मी पाहिलंय. तेव्हा बोललो नाही. म्हणून तू बायकोचा नवरा नाहीस का? सोड मग तिला."

पुन्हा हशा झाला, पण या वेळचा वेगळा. सुवा हसला नाही.

"मी नांदलो हो त्या झाडाशी," तो म्हणाला. "पण मला फसवून नांदवलं."

 पातींनी पुढची कामटी उचलली.

पुढच्या दिवसांत सुवा सासूला आई म्हणेनासा झाला. बोलायचंच झालं तर नोलेकडे बघून, "त्यांना सांग". शाळेच्या वाटेवर पोरं वापॉला सुंठ म्हणू लागली. तिनं एकाला चावा घेतला. मुदा सकाळी सगळ्यांच्या आधी पाणी भरून येई आणि दिवसभर घराबाहेर पडत नसे. वाडी पहिल्यांदाच इतकी शांत होती. एका दुपारी जांभळीखाली कुणीतरी म्हैस बांधली. मी पाहिली, मुदानंही आपल्या ओट्यावरून पाहिली. ती उठली, दोन पायऱ्या उतरली आणि परत जाऊन बसली. म्हैस संध्याकाळपर्यंत तिथंच होती.

थाई पोरगा करवत घेऊन आला. करवत सुरू झाली तशी पाखरं उडाली. सुवा आला नाही. मुदा आली, बोलावलं नसताना, आणि कापलेलं अंगावर येईल म्हणून पोरगा हात हलवत राहिला तरी बाजूला झाली नाही. पहिली फांदी पडली. दुसरी पडायला वेळ लागला. तिच्यावर कच्ची जांभळं होती, ती उतारावरून घरंगळत खाली आली. मुदा वाकून ती गोळा करायला लागली. कच्च्या जांभळांचं काय करायचं असतं? पण ती ओच्यात भरत राहिली. नोबी वरून बघत होती. खाली येऊन तिनं मुदाची चिलीम तिच्या हातात दिली आणि वर गेली.

संध्याकाळी कोंबडी झाली. मला बोलावलं होतं, दंडाच्या कोंबडीला एक साक्षी लागतो. कोंबडी मुदाच्याच खुराड्यातली, चांगली अंड्यावरची. तिनंच मान मुरगाळली, तिनंच पिसं काढली. शिजवली मात्र नोलेनं. पहिला वाटा सुवा जांभळीच्या मुळाशी ठेवून आला. गेला तेव्हा तो वाकला की नाही, मला माहीत नाही, मी मुद्दाम पाहिलं नाही. मग पातींनी वापॉच्या मनगटाला दोरा बांधला, जिवाला घरी राहा म्हणून सांगितलं आणि पेला रिकामा करून निघून गेले.

आम्ही परातीभोवती बसलो. भात, रस्सा, ठेचा. वापॉला एक तंगडी मिळाली. ती दोन्ही हातांनी धरून खात होती, तोंडाभोवती तेल. मुदा भिंतीला टेकून बसली होती, परातीपासून हातभर लांब.

"आजी, खा ना," वापॉ म्हणाली.

"तू खा, बाळ. तुझी कोंबडी आहे."

"सगळ्यांनी खायची असते. पाती म्हणाले. घरातलं एक जरी राहिलं तरी दोरा धरत नाही, जीव घरी टिकत नाही."

मुदानं मान हलवली. नोलेनं सुवाकडे पाहिलं. सुवा भात कालवत होता. तो कालवतच राहिला, भाताचा लगदा झाला.

"त्यांना वाढ," तो शेवटी नोलेला म्हणाला.

नोलेनं भातावर एक तुकडा ठेवून पान आईपुढे सरकवलं. मुदानं त्याच्याकडे पाहिलं. स्वतःच्या दंडाची कोंबडी, जावयानं वाढायला लावलेली, नातीनं खायला लावलेली. तिनं घास केला, तोंडात घातला आणि चावत राहिली. आमचे सगळ्यांचे दोन दोन घास झाले तरी तिचा पहिला गिळून होत नव्हता. वापॉ तंगडी चोखता चोखता तिच्या गळ्याकडे टक लावून बघत होती, घास उतरतो की नाही ते.